माजघरातला वेल

आमच्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या वर, एक मनीप्लांट आहे. बायकोने लावलेला. ती त्याची पानं ओल्या फडक्याने पुसते, पाणी बदलते, पिवळं पडलेलं पान नखाने खुडून टाकते. मी त्याला हात लावत नाही. ती माहेरी गेली की मी घरात असूनसुद्धा शेजारची बाई येऊन त्यात पाणी घालून जाते. शेजारणीला याचं हसू येतं, बायकोला राग. लग्न झालं तेव्हाच मी तिला म्हणालो होतो, घरात काहीही लाव, फक्त माझ्यावर सोपवू नकोस. का, ते तिला सांगितलं नाही. ते आता लिहितो आहे. तिने वाचलं तर वाचलं.

सत्तरच्या दशकाचा शेवट होता. मी अड्याळला एका सोसायटीच्या गोदामात बाबू होतो. बियाणं आणि खत शेतकऱ्यांना द्यायचं, पोती मोजायची, एवढंच काम. लग्न झालं नव्हतं. गावाच्या कडेला एका घराची पुढची खोली भाड्याने घेतली होती. मातीच्या भिंती, वर कौलं. माझी खोली आणि घरवाल्यांचं माजघर यांच्यामधली भिंत आढ्यापर्यंत पोचत नव्हती. तिकडचं बोलणं, कंदिलाचा उजेड, फोडणीचा वास, सगळं भिंतीवरून माझ्याकडे यायचं.

घरात दोघीच. एक म्हातारी, तिला मी मावशी म्हणायचो. दुसरी तिची सून, तिला वहिनी. थोडीशी धानाची शेती होती, ती दोघी मजूर लावून करायच्या. मुलगा भिलाईकडे ठेकेदाराच्या हाताखाली कामाला होता. लग्नानंतर तो एकदोनदा येऊन गेला. शेवटचा आला तेव्हा तिकडच्या कुठल्याशा क्वार्टरमधून सरबताच्या बाटलीत एक वेल घेऊन आला. घराच्या आत, अंधारात, बाटलीत झाड ठेवायचं ही गोष्ट त्या दोघींना ऐकूनही माहीत नव्हती. तुळस अंगणात असते, धान शेतातल्या बांधीत असतं. घरात कोण झाड ठेवतो? मावशी त्याला म्हणाली म्हणे, की याले खायाचं का पुजाचं? तो हसला. माजघराच्या छपरात एक काचेचं कौल होतं. त्याच्या उजेडात त्याने भिंतीला खिळे ठोकले, वेल त्यावर वळवला आणि आईला सांगितलं, "माही तब्येत पाहाची असन त याच्याकडे पाहजो. हा हिरवा त मी हिरवा."

गमतीत बोलला होता तो. पण गेला तो गेलाच. ना निरोप, ना कोणाबरोबर खुशाली. एक दिवाळी गेली, नंतर होळीही गेली. मावशीने त्याचं वाक्य धरून ठेवलं. सकाळी उठली की चहाच्या आधी ती वेलासमोर उभी राहायची. लेकराच्या कपाळाला हात लावून ताप पाहतात तसं एक पान दोन बोटांत धरायची. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. "आज बरा हाये." एखाद्या पानावर डाग दिसला की, "खोकला झाला असन त्याले. पाण्यात भिजला वाट्टे." मला आधी हसू यायचं. मग एक दिवस लक्षात आलं, की कामाला निघताना मीसुद्धा उंबऱ्यातून त्या वेलाकडे पाहून निघतो.

वहिनी मात्र त्याच्याकडे पाहत नसे. पाणी तीच बदलायची, पण तोंड दुसरीकडे करून.

धान घरात आल्यावर वहिनीचा भाऊ आला. त्याच्या गावात एक बिजवर होता, एक लहान मुलगी पदरात असलेला, स्वभावाने सरळ. तो वहिनीला पाट लावून, म्हणजे दुसरं लग्न करून, न्यायला तयार होता. त्या लोकांत पाटाची लाज नाही; नवरा नसेल तर बाईने जन्मभर बसून राहावं असं कोणी म्हणत नाही. पण नवरा नाही असं म्हणणार कोण? मावशीने त्याचा हात धरून त्याला माजघरात नेलं आणि वेलासमोर उभं केलं. "हे पाह. मेला का हा?" भाऊ खाली मान घालून परत गेला. वहिनी रस्त्याच्या वळणापर्यंत त्याला सोडायला गेली, परत आली आणि कोठ्यात शेण काढायला बसली.

असं होतं सगळं. वेल हिरवा, तोवर ती कोणाची तरी बायको. वेल सुकला असता तर ती विधवा झाली असती, आणि विधवा झाली असती तरच मोकळी.

पुढच्या पावसाळ्यात, धानाची रोवणी आटोपल्यावर, मावशीची बहीण सानगडीला अंथरुणाला खिळली. दोघीही तिकडे गेल्या. घराची किल्ली आणि वेल माझ्याकडे. मावशीने निघताना बजावलं, "पानी कमी नको पडू देजो. आन बोलजो त्याच्यासंगं थोडं. एकटा राहीन." मी हसलो. ती हसली नाही.

मी दुपारी गोदामातून जेवायला यायचो तेव्हा कुलूप काढून माजघरात जायचो. बंद घराला एक वास असतो, शेणाचा, जुन्या धानाचा. काचेच्या कौलातून उजेडाचा एक चौकोन भिंतीवर पडलेला असायचा आणि त्यात ती पानं ओली असल्यासारखी चमकायची. बाकी सगळा अंधार. मी घाईघाईने पाणी बदलायचो. बोलायचो नाही. पण पाठ वळवून बाहेर येताना दर वेळी वाटायचं, की काहीतरी विचारलं गेलं आहे आणि मी उत्तर न देता निघालो आहे.

काही दिवसांनी बाटलीजवळचं एक पान पिवळं पडलं. एकच पान, सगळ्यात जुनं. आज मला माहीत आहे, की तो त्या झाडाचा धर्मच आहे. बायको महिन्याकाठी अशी दोनचार पानं खुडते आणि तिला काही वाटत नाही. मला तेव्हा दरदरून घाम फुटला. मी दिवसभर शेतकऱ्यांना एकच सांगणारा माणूस. धान पिवळं पडलं? युरिया मारा. दुसरं काही मला येतच नव्हतं.

त्या दिवशी नागपंचमी होती, म्हणून गोदाम बंद. नागपंचमीला आमच्याकडे जमीन खणत नाहीत, काही चिरत-कापत नाहीत, तव्यावर पोळी टाकत नाहीत. म्हणून मी ते पिवळं पान खुडलं नाही. रोवणीनंतर उरलेल्या युरियाचं पोतं कोपऱ्यात होतं. त्यातला मूठभर घेतला आणि बाटलीत सोडला. बांधीत फेकतात तसा, मूठभर. बाटली माझ्या हातात एकदम गार पडली. युरिया विरघळताना पाणी गार होतं हे मला माहीत होतं. घामेजल्या हातांना ते रोज जाणवायचं. तरीही मी हात झटकन मागे घेतला.

इथे मला थांबून एक गोष्ट लिहायलाच हवी. वेल वाचावा म्हणूनच मी ते केलं, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. पण वहिनी पाण्याची घागर घेऊन माझ्या दारावरून जायची तेव्हा मी वर पाहायचो. पाहायचो एवढंच. आणि मूठ भरताना, एक चिमूटही पुरे झाली असती हे मला कळत होतं की नव्हतं, हे मी आता शपथेवर सांगू शकत नाही. मी खत वाटणारा माणूस होतो. मला माप कळायला हवं होतं.

दोनच दिवसांत पानांच्या कडा जळल्या. देठ उकडल्यासारखा मऊ झाला. बाटलीतून कोठ्यातल्या मुतासारखा उग्र वास येऊ लागला. मी पाणी पुन्हा पुन्हा बदललं, मुळं धुतली, ती माझ्या बोटांत तुटून आली. तेव्हा कुठे मी बोललो त्याच्याशी. रिकाम्या घरात, दुपारी, मी म्हणालो, "नका सुकू." आदरार्थी बोललो. वयाने माझ्याहून मोठ्या माणसाशी बोलावं तसं. आणि मग मला त्या अंधाराकडे पाठ करवेना. मी मागे मागे सरकत बाहेर आलो.

तो मेला. मी त्याला घरामागच्या बोडीत, लहानशा तळ्यात, टाकलं.

गोदामातला एक हमाल नेहमी म्हणायचा, की मनीप्लांट मागून आणला तर लागत नाही, चोरून आणला तरच फोफावतो. पवनीला कामानिमित्त जायचो तेव्हा एका घराच्या व्हरांड्यात असा वेल पाहिला होता. दुसऱ्या दिवशी पवनीला गेलो. घरची माणसं झोपली असतील अशा वेळी ब्लेडने हवा तेवढा कापला आणि ओल्या बारदान्यात गुंडाळून एसटीत बसलो. कंडक्टरने पोत्याकडे पाहिलं. "काय बाबू, नागपंचमी झाली ना? आता कायले साप घेऊन चालले?" सगळी गाडी हसली. मीही हसलो.

तीच बाटली, तेच खिळे, तशीच वळणं. आधीच्या वेलाच्या पानांवर पिवळे ओघळ जास्त होते, हा जरा गडद हिरवा. एवढाच फरक.

दोघी परत आल्या. मावशी हातातली पिशवी खाली न ठेवता आधी माजघरात गेली. मी दारात उभा. ती बराच वेळ पाहत राहिली. पान दोन बोटांत धरलं. म्हणाली, "रंग खुलला त्याचा. कामाचं ठिकान बदललं वाट्टे, चांगल्या मालकाकडे लागला." मग माझ्या पाठीवरून हात फिरवला. वहिनीने त्या दिवशी पहिल्यांदा वेलाकडे नीट पाहिलं. नंतर माझ्याकडे. मी खोलीत निघून गेलो.

तो वेल विचित्र वाढला. पहिल्याला क्वचित एखादं नवं पान यायचं. याला दर हाटाच्या दिवशी नवं पान. देठाला तपकिरी मुळं फुटली आणि त्यांनी मातीची भिंत धरली, घोरपडीने धरावी तशी. सगळी झाडं उजेडाकडे जातात. हा काचेच्या कौलाकडे पाठ करून अंधाराकडे निघाला. पहाटे पानांच्या टोकांना पाण्याचा एकेक थेंब लोंबायचा. मावशी तो पदराने टिपायची. म्हणायची, "घाम आला त्याले. कामावर हाये."

थंडीत एके सकाळी मी डोळे उघडले तर भिंतीच्या वरून एक कोवळं टोक माझ्या खोलीत उतरलेलं. पान अजून उलगडलेलंही नव्हतं, गुंडाळी केलेली, खाली माझ्या खाटेकडे रोखलेली. मी काठीने ते पलीकडे ढकललं. काही दिवसांनी पुन्हा आलं. मी खाट दुसऱ्या कोपऱ्यात नेली. वेल वाशावरून त्या बाजूला आला. कापायची माझी हिंमत होत नव्हती. मावशीला सांगितलं, तर ती कौतुकाने म्हणाली, "तुयासंगं काही बोलाचं असन त्याले."

त्याच हंगामात वहिनीचा भाऊ पुन्हा आला होता. बिजवर आणखी थांबायला तयार नव्हता. घरात लहान पोर, त्याला बाई हवी होती. मावशीने त्याला पुन्हा वेल दाखवला. आधीपेक्षा दुप्पट वाढलेला, हिरवागार. भाऊ बाहेर आला, मी अंगणात होतो. त्याने मला बाजूला घेतलं. "बाबू, तुमी शिकलेले मानूस. असं असते का हो? वेलावर मानसाचा जीव?"

मी फक्त खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे." तो मान हलवून निघून गेला. होळीच्या आत त्या बिजवराने दुसरी बाई केली.

त्यानंतरच्या वर्षी कोंढ्याचा एक मजूर दारात आला. भिलाईकडे तो मावशीच्या मुलासोबत काम करायचा. बस म्हटलं तर बसला नाही, पाणी दिलं ते घेतलं नाही, तेव्हाच वहिनीने चूल सोडली आणि दाराला टेकली. तो म्हणाला, की तुमचा मुलगा कावीळ होऊन गेला, त्याला बरेच दिवस झाले. सोबतच्यांनीच सगळं केलं. जो गावी निरोप सांगणार होता तो दुसऱ्याच ठेकेदाराबरोबर लांब निघून गेला, आणि सगळ्यांना वाटलं निरोप पोचला.

मावशीने शांतपणे ऐकलं. मग त्याचा हात धरून त्याला माजघरात नेलं.

"काकी," तो म्हणाला, "मीनं खांदा देल्ला."

"दुसऱ्या कोनाले देल्ला असन," मावशी म्हणाली. "मानसाची भूल होते."

मी त्याला गाडीपर्यंत सोडायला गेलो. वाटेत विचारलं, कधीची गोष्ट? तो म्हणाला, तारीख नाही सांगता येत, पण नागपंचमी होती. त्या दिवशी सोबतच्या पोरांनी कामाला दांडी मारली होती, म्हणून तर खांदेकरी मिळाले. मी साल विचारलं. त्याने सांगितलं. मी रस्त्याच्या कडेला खाली बसलो. उन्हाने असेल असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी शेतावर होती. वहिनी माझ्या दाराशी आली. आत आली नाही. आमचं तोवर कधी दहा शब्दांपलीकडे बोलणं झालं नव्हतं.

"बाबू, आमी सानगडीले गेलो होतो तवा त्या वेलाचं काय झालं?"

मी सांगितलं. नागपंचमीचा तो मूठभर युरिया, बोडी, पवनी, आणि मजुराने सांगितलेला दिवसही. ती रडली नाही. तिने एकच विचारलं. "आधी कोनतं? तुमी टाकलं ते, का तो गेला ते?"

मी म्हणालो, मला माहीत नाही.

ती कपाळावर हात नेऊन थांबली. कुंकवाला बोट लागलं नाही, नुसता हात तिथे राहिला. "मंग इतके दिवस हे मी कोनाच्या नावानं लावलं?"

ती आत गेली आणि परत आली तेव्हा तिच्या मुठीत युरिया होता. म्हणाली, "माह्या तोंडाचं ती मानत नाई. त्या मानसाचं मानलं नाई. वेलाचं मानन. जसा तो गेला तसा हाही जाऊ द्या. तुमच्याच हातानं."

मी टाकला. पुन्हा तोच गारवा. या वेळी मी हात मागे घेतला नाही.

बाटलीतला भाग सडला. देठ काळा पडून पाण्यात गळून गेला. आणि वरचा वेल तसाच राहिला. हिरवा. त्याच्या मुळांनी कधीच भिंत धरली होती. त्याला बाटलीची गरज उरली नव्हती. मी रोज उंबऱ्यातून पाहायचो, आज तरी मान टाकेल, उद्या तरी. त्याने मान टाकली नाही. काही दिवसांनी त्याने नवं पान काढलं. मावशीने शेजारच्या बायांना बोलावून दाखवलं. "पाहा वो. पानी नाई, काही नाई, तरी जगून राहिला. असा हाये माहा पोरगा." एकीने पदर तोंडाला लावला. मग बाया आपापल्या घरी गेल्या.

त्या संध्याकाळी वहिनी विहिरीवर माझ्याजवळून गेली. माझ्याकडे पाहिलं नाही, जशी पूर्वी ती वेलाकडे पाहत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी पान बोटांत धरून उभी असताना मी माजघरात गेलो. एवढी वर्षं शेजारी राहून ती घरात असताना मी तो उंबरा पहिल्यांदाच ओलांडला होता. उभ्या उभ्या सांगितलं. मध्येच तिने पान सोडून दिलं.

"हा कोनाचा?"

"पवनीच्या एका घरचा. चोरून आणलेला."

"आन माहा?"

"बोडीत टाकला."

"तू टाकला."

"हो."

"आन जित्ता होता तवा त्याच्यात युरिया तूनंच टाकला."

"हो मावशी."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. हिशेब लागल्यावर माणसाचा चेहरा मोकळा होतो तसा तो झाला. "मंग तूनं मारलं त्याले."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. भिलाईत कावीळ होऊन गेलेल्या माणसाला अड्याळच्या बाटलीतला युरिया मारत नाही, हे एक वाक्य पुरे होतं. पण मावशीच्या मागे, स्वयंपाकाच्या दारात, वहिनी उभी होती. ते वाक्य मी बोललो असतो तर वेल नुसता वेल झाला असता, त्याचं सुकणं नुसतं सुकणं झालं असतं, आणि मावशीचा मुलगा पुन्हा जिवंत झाला असता. तिला मरण मान्य होण्याची एकच वाट होती, आणि त्या वाटेवर मी उभा होतो.

"हो मावशी," मी म्हणालो, "मी मारलं."

ती भिंतीला टेकून खाली बसली. आणि मग रडली. इतक्या वर्षांचं एकदम. वहिनी येऊन तिच्याजवळ बसली, आणि मावशीने रडता रडताच तिला सांगितलं, की न्हाव्याला सांगणं धाड, तुझ्या भावाला सांगणं धाड.

दहावं नदीवर झालं. मी नव्हतो. मावशीला सांगितलं त्याच दिवशी मी खोली सोडून गावातच दुसरीकडे गेलो होतो. गावाला अर्थातच माहीत होतं, की माणूस असा मरत नाही, काहीजण हसलेही. पण गोदामात माझ्या हातचं पाणी कोणी घेईना, आणि बायका मुलांना माझ्या नव्या खोलीसमोरून न नेता दुसऱ्या बाजूने न्यायच्या. पुढे मी बदली मागून घेतली.

वर्ष सरल्यावर भावाने वहिनीचा पाट लावून दिला. तो पहिला बिजवर नव्हे, दुसरा कोणी, वयाने बराच मोठा. सुखात आहे का, ते मी कोणाला विचारलं नाही. मला तो हक्क नव्हता.

मावशी त्यानंतर बरीच वर्षं जगली. अड्याळचे लोक कुठे भेटले की तिची बातमी कळायची. कोणी नवखा घरी आला आणि विचारलं, की मुलगा कशाने गेला, तर ती अगदी साध्या आवाजात सांगायची म्हणे. "आमच्या घरी एक बाबू भाड्यानं होता. त्यानं मारला." सांगणारे हे मला हसत हसत सांगायचे, आणि मी काही तरी बोलेन म्हणून थांबायचे. तिचं खोटं आहे असं म्हणायला आधी काय झालं, मी युरिया टाकला ते की तो गेला ते, हे मला माहीत असायला हवं.